कडेचे रोप कोणाचे?



यंदा पीक किती आले, हा प्रश्न आपल्याकडे पारावर विचारला जातो, बाजारात विचारला जातो आणि मंत्रालयातही विचारला जातो. पारावर त्याचे उत्तर सोपे असते. "बरं आहे", "आठ आणे आहे", "यंदा काही खरं नाही", एवढ्यावर काम भागते; कारण ऐकणाऱ्याने येता-जाता तीच शेते पाहिलेली असतात. सरकारला मात्र तेवढे पुरत नाही. त्याला क्विंटल आणि टन हवे असतात. देशात धान्य पुरेल की बाहेरून आणावे लागेल, कोणत्या तालुक्यात टंचाई जाहीर करायची, विमा उतरवलेल्या शेतकऱ्याच्या हातावर किती रुपये ठेवायचे, हे सारे त्या आकड्यावर ठरते.

हा आकडा काढतात कसा, आणि तो कसा काढावा यावरून आपल्या देशातील दोन थोर संख्याशास्त्रज्ञांत कसा वाद झडला, ते आज सांगायचे आहे. वाद १९४० च्या दशकातला. एक पक्ष कलकत्त्याचा. दुसऱ्या पक्षाचे धुरीण आपल्या सातारा जिल्ह्यातले. विषय ऐकायला अगदी क्षुल्लक वाटेल. पीक मोजण्यासाठी शेतात एक लहानसा तुकडा आखला, तर त्याच्या कडेवर येणारे रोप आत धरायचे की बाहेर? पण त्या एका रोपामागे केवढा मोठा प्रश्न उभा आहे, ते हळूहळू ध्यानात येईल.

आधी जुनी रीत पाहू. ब्रिटिश अमदानीत पिकाचा अंदाज तीन आकड्यांच्या गुणाकाराने निघत असे. पेरणी किती एकरांवर झाली, हा पहिला आकडा. त्या भागात एकरी नेहमीचे पीक किती येते, हा दुसरा. आणि यंदाचे पीक त्या नेहमीच्या पिकाच्या किती आणे आहे, हा तिसरा. हीच आणेवारी. पुढे नाण्यांतून आणे गेले, आणेवारीची पैसेवारी झाली. तरी गावाचा आकडा पन्नास पैशांच्या आत की बाहेर, ही आपल्या खेड्यांतली कळीची गोष्ट राहिलीच.

यातला तिसरा आकडा सगळा नजरेचा. आणि नजर कोणाची, त्यावर तो लहानमोठा होणार. सारा माफ व्हावा म्हणून गावाला तो लहान हवा. वसुली बुडू नये म्हणून वरच्या कचेरीला तो मोठा हवा. दुसऱ्या आकड्यासाठी म्हणजे 'नेहमीच्या' पिकासाठी कापणीचे प्रयोग होत, नाही असे नाही. पण प्रयोगाचे शेत अधिकारी आपल्या समजुतीने निवडी. सरासरी दिसणारे शेत घ्यावे, असा नियम. आता मला सांगा, सरासरी किती हे ठाऊक नसताना सरासरी शेत ओळखायचे कसे? आणि साहेबाला दाखवायचे शेत गावकरी कोणते दाखवतील, हेही सांगायला नको.

या घोळातून पहिली वाट काढली ती जे. ए. हबॅक नावाच्या एका सनदी अधिकाऱ्याने. १९२० च्या दशकात त्याने बिहार आणि ओरिसा प्रांतात भाताचे पीक मोजले, ते ठिकाणे चिठ्ठी टाकल्यासारखी, दैवावर सोपवून निवडून. १९२७ साली त्याची पुस्तिका निघाली. त्यातले तत्त्व आपल्या घरच्या माउलीला चांगले ठाऊक आहे. शितावरून भाताची परीक्षा ती रोज करते. पण ती शीत कुठले घेते? नुसते वरचे घेतले तर तळाचा भात करपलेला कळत नाही. कोणतेही शीत हाती यायला सारखीच संधी हवी, तरच परीक्षा खरी. संख्याशास्त्रात अशा निवडीला यादृच्छिक निवड म्हणतात. नाव जड आहे, पण त्यातला मुद्दा एवढाच, की निवड माणसाच्या मर्जीने करायची नाही.

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हता, हे १९४३ साली साऱ्या देशाला कळले. त्या वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. चौकशी आयोगाने १९४५ साली मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख धरला. पुढच्या काही अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या घरात नेला. दुष्काळाची कारणे अनेक होती. युद्ध होते, भाववाढ होती, सरकारी धोरणाची बेपर्वाई होती. पण त्या हंगामात बंगालमध्ये तांदूळ पिकला तरी किती, तूट थोडी होती की फार, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा एकही आकडा सरकारच्या दप्तरी नव्हता. माणसे रस्त्यावर मरत होती आणि दप्तरात अंदाज होते. त्यानंतर पीक मोजण्याची विश्वसनीय रीत बसवणे ही निकडीची गोष्ट झाली.

ती बसवायला दोन माणसे पुढे आली. पहिले प्रशांतचंद्र महालनोबिस. मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९३१ साली त्यांनी कलकत्त्यात भारतीय संख्याशास्त्र संस्था काढली, १९३३ साली 'संख्या' हे नियतकालिक सुरू केले. १९३७ पासून त्यांनी बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना-पाहणी हाती घेतली. सगळी शेते फिरून मोजण्यापेक्षा नीट निवडलेली थोडी शेते मोजली, तर खर्च फार कमी लागतो आणि उत्तरही बरोबर येते, हे त्यांना दाखवायचे होते. ताग हा विकायचा माल. गिरण्यांच्या आणि निर्यातीच्या नोंदींवरून तो किती पिकला याचा पडताळा मिळे. महालनोबिसांचा आकडा त्या नोंदींशी जवळून जुळला आणि त्यांचे नाव झाले. १९४५ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९३३ साली लंडनला गेले. तिथे नेमान आणि पिअर्सन हे दोघे नमुनाशास्त्राची आणि अनुमानशास्त्राची नवी बांधणी करीत होते. त्यांच्या हाताखाली सुखात्मे तयार झाले. परत आल्यावर १९४० साली ते शेती संशोधन परिषदेत दाखल झाले आणि तिथल्या संख्याशास्त्र विभागाला त्यांनी आकार दिला. त्यांच्या बाजूला विनायक गोविंद पानसे होते. पानसे आणि कळमकर यांनी वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात, कपाशीच्या पिकावर कापणीच्या पाहण्या केल्या होत्या. पुढे १९५४ साली पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून लिहिलेले शेतीच्या प्रयोगांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक कृषिमहाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासले. म्हणजे पाहा, या विषयाच्या पायाभरणीत मराठी माणसांचा वाटा चांगलाच मोठा आहे.

आता वाद. शेत चिठ्ठीने निवडायचे, शेतातली जागाही चिठ्ठीनेच ठरवायची, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. मतभेद होता तो पुढे. त्या जागी किती मोठा तुकडा कापायचा?

महालनोबिसांच्या संस्थेचे लोक लहान वर्तुळ कापीत. खुंटी रोवायची, तिच्याभोवती काही फुटांच्या त्रिज्येने वर्तुळ फिरवायचे, आतले पीक कापून तोलायचे. काम चटकन उरकते. एक तपासनीस दिवसात अनेक शेते करू शकतो. त्यांचा युक्तिवाद शास्त्रशुद्ध होता. एका शेतात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पीक बदलते, पण त्याहून कितीतरी अधिक ते एका शेतापासून दुसऱ्या शेतात बदलते. मग एकाच शेतात मोठा तुकडा कापत बसण्यापेक्षा लहान तुकडे अनेक शेतांत कापावेत, हे शहाणपणाचे नाही का?

सुखात्मे म्हणाले, हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही. ती म्हणजे कापणाऱ्याचा हात. तुकडा जितका लहान, तितके एकरी पीक फुगून दिसते. गव्हावर आणि भातावर वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून त्यांनी हे दाखवले. सर्वांत लहान तुकड्यांत फुगवटा सर्वांत मोठा आणि तुकडा मोठा होत गेला की तो ओसरतो. १९४६ साली त्यांनी हा मुद्दा 'नेचर' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात मांडला आणि पुढच्या वर्षी अमेरिकन संख्याशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात त्याचा विस्तार केला.

असे का व्हावे? कारण कडेचे रोप. दोरीवर किंवा वर्तुळाच्या रेषेवर जे रोप येते, त्याचे बुड आत की बाहेर हे ठरवताना माणसाचा हात नकळत आत ओढतो. त्यात लबाडी असतेच असे नाही. भरलेली ओंबी समोर डुलत असताना ती टाकून देणे जिवावर येते, इतकेच. शिवाय खुंटी नेमकी उजाड जागी पडली, तर ती चार बोटे सरकवण्याचा मोह होतो.

हे आपण साध्या अंकगणिताने पडताळून पाहू. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ घ्या. त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट आणि कडेची लांबीही सुमारे साडेबारा फूट. म्हणजे एकेका चौरस फुटाला एकेक फूट कड. आता एक गुंठा घ्या. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. क्षेत्रफळ १,०८९ चौरस फूट आणि कड फक्त १३२ फूट. इथे आठ चौरस फुटांमागे एक फूट कड. समजा कापणाऱ्याचा हात कडेने सर्वत्र एक इंच बाहेर गेला. वर्तुळात पीक साडेआठ टक्क्यांनी वाढलेले दिसेल. गुंठ्यात चारी बाजू मिळून इंचभर इकडे आणि इंचभर तिकडे धरले, तरी ते एक टक्क्याने वाढेल. हात तोच, चूकही तेवढीच. तुकड्याच्या आकाराने तिचे मोल आठपट झाले.

इथे संख्याशास्त्रातला एक मोठा धडा आहे, आणि माझ्या मते साऱ्या वादाचे सार त्यातच आहे. मोजणीत चुका दोन जातींच्या असतात. एक दैवाची चूक. कधी चांगले शेत चिठ्ठीत येते, कधी वाईट येते. शेते वाढवली की ही चूक आपोआप कमी होते. उणे-अधिक एकमेकांना खाऊन टाकतात. दुसरी चूक कलाची. ती नेहमी एकाच बाजूला झुकते. दुकानदाराने तराजूला दांडी मारली असेल, तर त्या तराजूने एकदा तोला की हजारदा तोला, माल कमीच भरणार. उलट हजार वेळा तोच आकडा आला म्हणून तुमची खात्री मात्र वाढणार. नमुना मोठा केल्याने दैवाची चूक पळते, कलाची चूक पळत नाही. ती अधिक प्रतिष्ठित होते. लाखो नोंदींचे दाखले देणारे अहवाल आज आपल्यापुढे येतात. ते वाचताना हा फरक ध्यानात ठेवला, तर पुष्कळ फसगत टळेल.

महालनोबिसांना कडेच्या चुकीची जाणीव नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्या संस्थेनेही लहानमोठ्या आकारांच्या तुकड्यांचे प्रयोग वर्षानुवर्षे केले होते. १९३९ ते १९५० या काळातल्या प्रयोगांचा आढावा त्यांनी सेनगुप्तांसह प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे, की तुकडा अगदीच लहान नसेल आणि तपासनीस शिकवून तयार केलेला असेल, तर चूक आटोक्यात राहते. आणि मोठ्या तुकड्याचे तोटेही पाहा. मोठ्या तुकड्याच्या कापणीला मजूर लागतात, अर्धा दिवस मोडतो आणि तपासनीस येईपर्यंत शेतकऱ्याला उभे पीक राखून ठेवावे लागते. आभाळ भरून आले असताना कोणता शेतकरी थांबेल?

या तांत्रिक वादाच्या खाली दुसरा वाद होता, आणि तो जास्त खोल होता. मोजायचे कोणी? महालनोबिसांचा गावच्या महसुली नोकरावर विश्वास नव्हता. ज्याच्या आकड्यावर साऱ्याची सूट ठरते, त्यानेच आकडा काढायचा हे त्यांना पटत नसे. त्यांनी स्वतंत्र पगारी तपासनीस ठेवले. एवढेच नव्हे, तर एकाच भागात दोन वेगळ्या तुकड्या पाठवून दोघींचे आकडे ताडून पाहायची युक्ती त्यांनी काढली. एकीच्या कामात कसूर झाली तर दुसरीमुळे ती उघडी पडावी. उलट सुखात्म्यांचे म्हणणे असे, की देशात लाखो खेडी आहेत. परगावचा तपासनीस कापणीच्या नेमक्या दिवशी पोहोचणार कसा? तलाठी आणि शेतीखात्याचा माणूस गावात आहेच. त्याला शिकवा, त्याच्यावर देखरेख ठेवा आणि त्याच्याकडूनच काम करून घ्या. तरच ही व्यवस्था टिकेल.

दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. त्यामुळे वाद दीर्घकाळ चालला. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, ती महालनोबिसांच्या प्रेरणेने. १९५१ साली सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले आणि १९७० पर्यंत तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. माणसे पांगली तरी आकड्यांचे भांडण राहिले. १९५० आणि १९६० च्या दशकांत आपल्या देशात धान्योत्पादनाचे दोन अंदाज निघत. एक राज्यांच्या शेती व महसूल खात्यांकडून, सुखात्म्यांच्या रीतीने. दुसरा राष्ट्रीय नमुना पाहणीचा. दुसरा पहिल्याहून मोठा येई. हाच तो काळ, जेव्हा आपण अमेरिकेतून जहाजे भरभरून गहू आणत होतो. १९६६ या एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आले. अशा वेळी देशात धान्य किती, याची दोन उत्तरे असणे म्हणजे काय, याची कल्पना करा. अखेर १९७० च्या सुमारास दुसऱ्या पद्धतीचे स्वतंत्र अंदाज काढणे थांबवण्यात आले.

मग जिंकले कोण? तुकड्याच्या आकाराबाबत सुखात्मे जिंकले, असे म्हणायला हरकत नाही. आज सरकारी कापणीप्रयोगात इवलेसे वर्तुळ नसते. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून चिठ्ठीने ठरलेली पावले चालून जायचे, खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि चौकोनी तुकडा आखायचा. अनेक राज्यांत अनेक पिकांना हा तुकडा पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद असतो. मोजणारा माणूसही गावचाच, म्हणजे सुखात्म्यांनी सांगितलेला. पण महालनोबिसांचा संशयही व्यवस्थेत मुरला. १९७३-७४ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीचे अधिकारी राज्यांच्या कापणीप्रयोगांपैकी काहींवर जातीने हजर राहून तपासणी करू लागले. एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने त्यावर नजर ठेवायची, हे त्या वादाचेच फळ.

आता आजच्या काळाकडे येऊ. कारण कडेचे ते रोप अजून तिथेच उभे आहे. २०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरू झाली. तिच्यात भरपाई मुख्यतः एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीवरून ठरत नाही. महसूल मंडळासारख्या घटकात मोजक्या शेतांत कापणीप्रयोग होतात आणि त्यांच्या सरासरीवरून साऱ्या मंडळाचा निकाल लागतो. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला एका रुपयात विमा मिळत होता. २०२५ च्या खरिपात ती सवलत गेली. नगदी पिके सोडली तर शेतकऱ्याचा खरिपाचा हप्ता विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत आला, आणि भरपाईचा मोठा भार कापणीप्रयोगाच्या आकड्यावर येऊन पडला.

हिशेब करून पाहू. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून, तिला जोखीमस्तराने गुणून 'उंबरठा उत्पादन' ठरवतात. समजा, एखाद्या मंडळात सोयाबीनचा उंबरठा हेक्टरी दहा क्विंटल आला आणि विम्याची रक्कम हेक्टरी पन्नास हजार आहे. यंदा पीक खरोखर सात क्विंटल झाले, म्हणजे तूट तीस टक्के. भरपाई पंधरा हजार रुपये. आता पाच मीटरच्या तुकड्यात हे सात क्विंटल म्हणजे किती? असे चारशे तुकडे मिळून एक हेक्टर होतो. म्हणजे एका तुकड्यातून निघणार फक्त पावणेदोन किलो दाणे. कडेने दोरी चारी बाजूंना अर्धी वीत ढिली पडली, तर त्यात पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन मुठी दाणे वाढतील. कागदावर पीक सात क्विंटलांचे सात क्विंटल सत्तर किलो होईल, तूट तेवीस टक्क्यांवर येईल आणि भरपाई साडेअकरा हजारांवर. दोन मुठी दाण्यांनी मंडळातल्या प्रत्येक हेक्टराचे साडेतीन हजार रुपये गेले. एका तुकड्यात असे झाले तर सरासरीत ते विरेलही. पण प्रत्येक तुकड्यात हात एकाच बाजूला झुकला, तर विरणार नाही. हीच ती कलाची चूक.

आणि १९४० च्या दशकात नव्हती अशी एक गोष्ट आता आली आहे. त्या काळी तपासनिसाचा हात नकळत आत ओढायचा. आता दोरीपाशी दोन पक्ष जाणूनबुजून उभे असतात. पीक कमी भरले तर शेतकऱ्यांना भरपाई मिळते, जास्त भरले तर कंपनीचे पैसे वाचतात. मध्ये उभा असलेला सरकारी कर्मचारी बिचारा दोघांच्या नजरेखाली वाकून दाणे तोलतो. म्हणून नियमाने जागेच्या नोंदीसह छायाचित्रे काढून भ्रमणध्वनीवरून पाठवावी लागतात. ते योग्यच आहे. पण छायाचित्रात दोरी दिसते. दोरी किती ताणलेली होती आणि कडेची किती रोपे पोत्यात गेली, ते फारसे दिसत नाही.

यावर उपाय म्हणून आता आकाशातून मोजायची रीत आली आहे. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू या पिकांच्या विम्यात, उपग्रहाच्या चित्रांवरून आणि इतर तंत्रांनी काढलेल्या अंदाजाला किमान तीस टक्के वजन देण्याचे केंद्र सरकारने ठरवले. उपग्रहाला कोणाची भीड नाही, कोणाचा मोह नाही, हे खरे. पण त्यालाही कड आहे! युरोपचे जे उपग्रह या कामी जगभर वापरले जातात, त्यांच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब-रुंद असतो. विदर्भातल्या मोठ्या वावरात असे पुष्कळ ठिपके निखळ पिकाचे मिळतील. कोकणातल्या उतरणीवरच्या अरुंद खाचरात मात्र एकाच ठिपक्यात थोडा भात, थोडा बांध, थोडी शेजाऱ्याची नाचणी आणि वर एखाद्या आंब्याची सावली येईल. त्यातला भात कोणाचा आणि किती? शिवाय उपग्रहाला दाणे दिसत नाहीत, हिरवेपणा दिसतो. हिरवेपणावरून दाण्यांचा हिशेब बसवायला पुन्हा जमिनीवरचे कापणीप्रयोगच लागतात. दोरी ढिली असेल, तर आकाशातले गणितही ढिलेच राहणार.

म्हणून मला वाटते, की जुन्या वादातून दोन गोष्टी आपण उचलाव्यात. पहिली अभ्यासकांसाठी. दोन मोठी माणसे एका रोपावरून जाहीरपणे, प्रयोग मांडून, छापील नियतकालिकांतून भांडली आणि त्यात कोणाचीच मानहानी झाली नाही; उलट देशाला पीक मोजण्याची पद्धत मिळाली. आकडा कोणी काढला, कसा काढला, त्यात चुकीची जागा कोणती, हे उघड सांगितले जाते तेव्हाच त्या आकड्याला पत येते. झाकून ठेवलेला आकडा बरोबर असला, तरी लोक त्याला मानत नाहीत.

दुसरी गोष्ट शेतकरी श्रोत्यांसाठी. तुमच्या गावात कापणीप्रयोग होईल, तेव्हा तिथे जाऊन उभे राहा. शेत चिठ्ठीने निघाले का, हे विचारा. खुंटी ठरलेल्या पावलांवरच ठोकली का, ते पाहा. दोरी ताणलेली आहे का आणि कडेच्या रोपाचे बुड पाहून निवाडा होतो आहे का, यावर लक्ष ठेवा. आणि हे करताना एक पथ्यही पाळा. आपल्या सोयीसाठी दोरी आत ओढू नका, कारण आज आत ओढलेली दोरी उद्या उलट बाजूने कोणी तरी बाहेर ओढणारच. आज कापलेले पीक पुढच्या वर्षांच्या उंबरठा उत्पादनातही धरले जाणार असते. ते खोटे कमी दाखवले, तर पुढे उंबरठाच खाली येतो आणि खऱ्या दुष्काळात हक्काचे पैसे कमी मिळतात.

बुड आत असेल तर रोप आत, बुड बाहेर असेल तर बाहेर. नियम एवढाच आहे. पाळायचा तो शेतात, वाकून, दोरीच्या काठावर.